चाकूची स्मरणशक्ती

जुन्या चाकूंच्या बाजारात एक नियम आहे, आणि तो ऐकला की भंडाऱ्याचा कुणीही शहाणा माणूस आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ज्या चाकूनं जन्मात काही कापलं नाही, त्याला सगळ्यांत जास्त किंमत. शंभर वर्षांपूर्वी शेफिल्डहून निघाला, तेलकट कागदात गुंडाळलेला कुणाच्या तरी फडताळात पडून राहिला, ना सुपारीचं खांड पाहिलं, ना कैरीची फोड, साणेचा दगड तर अंगाला लागूच दिला नाही, असा चाकू समोर आला की जाणकाराचा आवाज हळवा होतो. आणि जो रोज कुणाच्या बंडीच्या खिशातून निघाला, उघडला, राबला, पुसला गेला, मिटला आणि असा झिजत झिजत अर्धा उरला, त्याला हाच जाणकार दोन बोटांनी बाजूला सरकवतो. ब्रह्मचाऱ्याच्या तुकतुकीत कांतीला मान द्यायला माझी हरकत नाही. पण संसाराची परीक्षा घेऊन पहिला नंबर त्यालाच द्यायचा, हे मला अजून पचलेलं नाही. पचलेलं नसूनही मी हा नाद सोडलेला नाही. कुठल्याही नादाची व्याख्या बहुधा हीच असावी.

आमच्या भागात असे चाकू कुणी विकायला काढत नाही, ते आपणहून वर येतात. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत फुग्यांपासून फावड्यांपर्यंत सगळं काही. त्या गर्दीच्या कडेला एखादा म्हातारा पोत्यावर गंजकी कुलपं, कुलपांशी काही नातं नसलेल्या किल्ल्या, जुनी वजनं आणि दाराच्या कड्या मांडून बसलेला असतो, आणि त्या पसाऱ्यात बोटभर लांबीची एक काळी, मिटलेली वस्तू अंग चोरून पडलेली असते. नाहीतर मग भंगाराचं दुकान. भंडारा हे पितळेचं शहर. इथल्या भांड्यांच्या कारखान्यांतली ठोकाठोक आता बरीच विरळ झाली, घराघरातले गुंड आणि गंगाळं माळ्यावर गेली, पण पितळ ओळखणारी नजर गावात शिल्लक आहे. भंगारवाला चाकू हातात घेतो, उलटासुलटा करतो, मुठीच्या आतली पिवळी कड नखानं खरवडतो आणि विचारतो, "याच्यात पितर किती निघन जी?" जुन्या चाकूत मुठीच्या दोन्ही अंगांना आतून पितळेचा पातळ पत्रा असतो, पातं मिटतं ते त्या दोन पत्र्यांच्या मधे. भंगारवाल्याच्या लेखी तो पत्रा तेवढा खरा, बाकी सगळं लोखंडाच्या भावात. विलायतेतल्या नामवंत घराण्याचं मूल्यमापन इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्विकार चेहऱ्यानं लंडनच्या लिलावातही होत नसेल.

ओळख पटवायची असेल तर पातं उघडून त्याच्या बुडाशी भिंग धरायचं. बिजागरीला लागून पात्याचा एक चौकोनी तुकडा असतो, त्याला धार नसते. चाकूची कुंडली तिथे. शेफिल्डमध्ये चाकू करणाऱ्यांची पंचायत, कटलर्स कंपनी, १६२४ साली कायद्यानं स्थापन झाली, म्हणजे शिवजन्माच्याही सहा वर्षं आधी. कुठल्या कारागिरानं कुठली खूण मारायची याचा हिशेब ती ठेवी. एक तारा आणि त्याच्या शेजारी माल्टाचा क्रॉस दिसला की जोसेफ रॉजर्स आणि सन्स, सहा नंबर, नॉरफोक स्ट्रीट. आपल्याकडच्या साहेबांच्या, वकिलांच्या आणि मालगुजारांच्या खिशात हेच नाव फार. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं असली तर तो व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला, १९०१ च्या आधीचा; ई असेल तर १९०१ ते १९१० पर्यंतच्या एडवर्डच्या वेळचा; जी असेल तर बहुधा त्यानंतरच्या जॉर्जांपैकी कुणाचा तरी. राजे गेले, राज्य गेलं, साकोलीच्या एखाद्या घरात सुतळी कापणाऱ्या पात्यावर मुकुट तेवढा राहिला.

याहून मजेची खूण म्हणजे ‘इंग्लंड’ हा शब्द. १८९० साली अमेरिकेनं जकातीचा नवा कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं असा आग्रह धरला. तेव्हापासून शेफिल्डवाले पात्यावर ‘इंग्लंड’ ठोकू लागले. त्यामुळे नुसतं ‘शेफिल्ड’ असलेला चाकू साधारणपणे आधीचा आणि पुढे ‘इंग्लंड’ लागलेला नंतरचा, असा ढोबळ आडाखा आहे. वॉशिंग्टनच्या कचेरीत कुणीतरी एका कलमावर सही करतो आणि सव्वाशे वर्षांनी तुमसरच्या बाजारात एक माणूस उन्हात भिंग धरून त्या सहीवरून चाकूचं वय काढतो. जर्मनांची गोष्ट निराळी. त्यांच्या झोलिंगेन गावातले काही कारखानदार आपल्या मालावर बेधडक ‘शेफिल्ड’ लिहीत. त्यावर चिडून इंग्रजांनी १८८७ साली कायदा केला की जर्मन मालावर जर्मनीचं नाव लिहिलंच पाहिजे. कमी प्रतीच्या मालाला डाग म्हणून लावलेलं ते नाव पुढे प्रतिष्ठेचं झालं. नावं ठेवताना जरा जपून ठेवावीत, एवढंच इंग्रजांनी यातून शिकायला हवं होतं.

आता या विलायती चाकूची मूठ बघा. उत्तम चाकवांना शिंगाची मूठ असे, आणि शेफिल्डच्या कारखान्यांना सगळ्यांत आवडे ते हिंदुस्थानातल्या सांबराचं शिंग. दरसाल सांबराची शिंगं गळतात आणि नवी फुटतात. शिंग भरीव, दाट, वरून ओबडधोबड सालीसारखं, हातातून न निसटणारं. इथल्या जंगलांतून गोळा केलेल्या शिंगांचे गठ्ठे बोटीनं शेफिल्डला जात, तिथे त्यांच्या फाकी कापल्या जात, त्या पितळेवर बसवल्या जात आणि तयार चाकू पुन्हा बोटीनं मुंबईला, मुंबईहून आगगाडीनं नागपूरला आणि पुढे वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर. कोक्याच्या आणि नागझिऱ्याच्या रानात सांबरं आजही आहेत. (नागझिरा १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलं, पण सांबरांनी याची दखल घेतल्याचं ऐकिवात नाही.) आता गळून पडलेलं शिंगसुद्धा रानातून उचलता येत नाही, कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. पण शिंगाच्या मुठीवरून अंगठा फिरवताना मला नेहमी वाटतं, की हा प्राणी आपल्याच तळ्यावर पाणी पिऊन गेलेला असणार.

पोलादाचंही तेच. आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. या भागातलं मँगनीज काढायला १८९६ साली विलायतेत एक कंपनी निघाली आणि तिचाच वारसा आजच्या मॉइल कंपनीकडे आला. ते मँगनीज बोटी भरभरून परदेशी पोलादाच्या भट्ट्यांत गेलं. पोलादात मँगनीज घालण्याची युक्ती शेफिल्डला ज्यानं शिकवली तो जोसाया हीथही आधी मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्होला लोखंडाचा कारखाना काढून बसलेला माणूस. १८३९ साली त्यानं पेटंट घेतलं, शेफिल्डवाल्यांनी युक्ती उचलली, आणि हीथ कोर्टकचेऱ्या करत कफल्लक होऊन गेला. मूठ आमच्या रानाची, पोलादाला गुण आमच्या डोंगराचा, अस्तर पितळेचं आणि पितळ तर आमच्या गावाचं आडनावच. म्हणून माझा दावा असा आहे की चाकू मुळात भंडाऱ्याचाच; फक्त शिकायला विलायतेला गेला आणि बॅरिस्टर होऊन परत आला. जाणकार हा दावा मान्य करत नाहीत. मी मंडईत चहा पाजून तो दोघातिघांच्या गळी उतरवला आहे.

शिक्का पुसला गेला असेल तर कानानं ओळखायचं. पाठीच्या पोलादी पट्टीत ताण शिल्लक असेल तर चांगला चाकू उघडताना आणि मिटताना स्वच्छ ‘टक्’ म्हणतो. तो आवाज कोरडा, नेमका आणि जरासा अहंकारी असतो. वाईट चाकू काहीच बोलत नाही, नुसता लुळा होतो. पात्याच्या कडेला नखासाठी एक अर्धचंद्र कोरलेला असतो. नखं फार बारीक कापणाऱ्याला तो चाकू उघडत नाही. माझ्या आजोबांचं उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे कायम वाढलेलं असे. घरातल्या बायका त्याला नावं ठेवीत. मला मात्र लहानपणी वाटे, की ते नखही चाकूबरोबरच आलेलं असावं.

आजोबा मालगुजाराकडे मुख्त्यार होते. तळ्याच्या पाण्याची पाळी, धानाचे माप, कुळांच्या बाक्या, सगळं त्यांच्या हातचं. बोरूनं लिहीत, आणि बोरूचं टोक कापायचं ते त्यांच्या रॉजर्स चाकूनं. बोरू डाव्या हातात आडवा, चाकू उजव्या हातात, एक तिरपा छेद, मग मधोमध चीर, मग टोकावर शेवटचा आडवा काप, आणि तो काप देताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. अक्षराचं वळण कागदावर उतरण्याआधी त्या कापात ठरून गेलेलं असे. १९५१ साली मालगुजारी गेली. तळी सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’ झाली, म्हणजे माजी मालगुजारी. आजोबाही माजी झाले. हातात शाईचं पेन आलं. चाकूचं सरकारी काम संपलं आणि घरकाम सुरू झालं. पेन्सिली, सुतळ्या, पायातले काटे, पत्रांची पाकिटं, आणि वैशाखात कैरी. कैरीच्या फोडी ते इतक्या पातळ करीत की त्यातून पलीकडची भिंत दिसे, आणि फोड पात्यावरच आमच्यापुढे येई. चाकू मात्र त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नाही. आजीचा दंडक होता: "चक्कू हाती देऊ नोको, खाली ठेव. भांडन होते." मग चाकू जमिनीवर ठेवला जाई, दुसरा तो उचले, आणि दोन माणसांमधलं संभाव्य वैर शेणानं सारवलेल्या भुईत जिरून जाई. इंग्लंडातही चाकू भेट देताना सोबत एक नाणं घ्यायची रीत आहे, मैत्री कापली जाऊ नये म्हणून. शेफिल्ड आणि आमचं मोहाडी यांच्यात एकमत होण्यासारखी ही एवढीच गोष्ट मला सापडली, आणि ती भांडणाबद्दल आहे.

पण या चाकूची खरी कारकीर्द लग्नात झाली. नवरदेवाच्या हाती कट्यार हवी आणि तिच्या टोकाला लिंबू. आमच्या घराण्यात कट्यार नव्हती. गावात एकच होती, आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी तीन घरची माणसं तिच्यासाठी पहाटेपासून उभी. आजोबांनी मार्ग काढला. काकांच्या लग्नात त्यांनी हा चाकू उघडून, टोकाला लिंबू खोचून काकांपुढे ठेवला. मुंडावळ्या, अक्षता, बॅण्ड आणि हातात बोटभर पात्याचा पेन्सिल तासायचा चाकू. वरातीतल्या एका पाहुण्यानं नवरदेव पाणिपताला निघालाय की कैरीची चटणी करायला, असं विचारल्याचं आमच्याकडे अजून सांगतात. काकांची काळजी वेगळी होती. हा चाकू मिटता. घोडी दचकली आणि पातं फटकन मिटलं तर लिंबू जाईल कुठे आणि बोटं राहतील कुठे, या चिंतेत त्यांनी सबंध वरात काढली, आणि फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य दिसतं त्याला नंतर सगळे जबाबदारीची जाणीव म्हणू लागले. पुढे घरातल्या दुसऱ्या एका वडीलधाऱ्यानं याच चाकूनं डालड्याचा डबा उघडला आणि टोक मोडलं. तरी रीत चालू राहिली. लिंबू मग दोऱ्यानं बांधत. लग्नानंतर बाळंतपण. बाळंतिणीच्या उशाशी काहीतरी लोखंडाचं असावं म्हणून हाच चाकू मिटून ठेवला जाई. घरातलं प्रत्येक मूल पहिल्या रात्री या चाकूशेजारी झोपलं. मीही.

हा चाकू मी एकदा नागपूरच्या एका स्नेह्यांना दाखवला. त्यांचा संग्रह देखणा आहे, मखमलीवर मांडलेला, प्रत्येक चाकू नुकताच जन्मल्यासारखा. त्यांनी भिंग लावलं. शिक्क्यात ताऱ्याची दोन टोकं आणि नावातली पहिली अक्षरं उरलेली. "रॉजर्सच," ते म्हणाले. मग पात्यावरून नजर फिरवली. "पातं निम्मं गेलंय. टोक नाही. आणि हे डाग बघा, टोकाकडचे. आम्ल लागलंय कसलं तरी. घासले तरी जायचे नाहीत आता." त्यांनी चाकू मिटला, ‘टक्’ ऐकून क्षणभर भुवया उंचावल्या आणि तो माझ्यापुढे ठेवला. हाती दिला नाही, खाली ठेवला, याचं मला बरं वाटलं. "याला काही किंमत यायची नाही हो," ते हळहळून म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. ते डाग म्हणजे काका, दोन आत्यांचे यजमान, थोरले बंधू आणि मी. साध्या पोलादाला लिंबाचा रस लागला की डाग चढतो आणि राखाडी-निळा होऊन कायमचा राहतो. १९१३ साली शेफिल्डमध्येच हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसानं न गंजणारं पोलाद केलं. फार मोठा शोध. स्वयंपाकघरांची त्यानं केवढी सोय केली. पण चाकवांची स्मरणशक्ती त्या दिवसापासून गेली. स्टीलच्या पात्यावर काहीच राहत नाही. सकाळचं लिंबू दुपारी आठवत नाही.

मोठेपणाचा मोह चाकवांनाही सुटलेला नाही. रॉजर्सनी १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढे सालाबरहुकूम पाती वाढवत नेली. तो साळिंदरासारखा चहूबाजूंनी फुललेला आहे आणि त्याला धरायला जागा नाही. आपल्याकडे रामपूरनं त्यावर कडी केली. ज्या गावच्या चाकूनं हिंदी सिनेमातल्या खलनायकांच्या तीन पिढ्या पोसल्या, त्या गावानं २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभा केला. हत्यारांच्या कायद्यात नऊ इंचांची मर्यादा आहे, म्हणजे तो चाकू खिशात घालून हिंडणाऱ्याची पंचाईतच. शेफिल्डच्या जुन्या, एकट्यानं काम करणाऱ्या कारागिरांपैकी स्टॅन शॉ हे २०२१ साली वारले. सगळा चाकू ते स्वतःच्या हातानं पुरा करीत. रामपूरच्या गल्ल्यांतले कारागीरही थोडेच उरलेत. आणि माणसांच्या खिशातून तर चाकू गेलाच. विमानतळावर घेत नाहीत, कोर्टात घेत नाहीत, आणि खरं म्हणजे कापायला खिशात काही उरलेलं नाही. आमच्या पिढीचे अंगठे आता नखानं पातं उघडत नाहीत, काचेवर सरकतात.

तेव्हा तुमच्या घरी कुठल्या पेटीत, देवघराच्या खणात किंवा शिलाई मशीनच्या कप्प्यात असा एखादा चाकू असेल तर त्याला काचपेपर लावू नका, आणि चिंच-मीठ तर मुळीच नको; ते पितळेच्या भांड्यांना. बिजागरीत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, पात्यावरून तेलाचं बोट फिरवा आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. आणि घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर हा चाकू कुणाचा, आणि डाग कशाचे, एवढं विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी फडक्यातच ठेवा. भंगारवाला येतो तो दिवाळीच्या आधी.